जामनगरच्या बिलावर गुजरातचा एसजीएसटी: क्रेडिट मिळेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सांगलीत हार्डवेअरचे दुकान आहे, जीएसटी नंबर महाराष्ट्राचा, कंपोझिशन (छोट्या दुकानदारांची योजना, जीत खरेदीच्या कराची वजावट मिळत नाही) नाही. पितळी नळ आणि फिटिंग्ज जामनगरहून मागवता. तिथली पार्टी १८ टक्के आयजीएसटी (एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्रीवरचा कर) लावते, गावातला होलसेलर ९ अधिक ९ (केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी) लावतो, तर बाहेरचा माल कराने महाग पडतो का? शिवाय मागच्या महिन्यात स्वतः जामनगरला जाऊन काउंटरवरून ६० हजारांचा माल घेतला, त्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी लागला आणि आता त्याचे क्रेडिट (खरेदीवर दिलेला कर विक्रीच्या करातून वजा करण्याची सोय) मिळत नाही. आणि तिसरे, बेळगावच्या एका ठेकेदाराला जामनगरहून थेट माल पाठवायचा आहे, त्याची बिले कशी करायची.

कर किती, याची काळजी सोडा. नळ देशात कुठेही घ्या, १८ टक्केच. २२ सप्टेंबर २०२५ पासून दरांची फेररचना झाली तरी नळ त्याच दरात राहिले. पैसे जातात ते बिलावर चुकीचे राज्य पडल्यामुळे. तुमच्या काउंटरच्या बिलाचे नेमके तेच झाले आहे.

आधी महागस्वस्तचे बघू. एक लाखाचा माल जामनगरहून घेतला तर १८,००० आयजीएसटी. सांगलीच्या होलसेलरकडून घेतला तर ९,००० सीजीएसटी आणि ९,००० एसजीएसटी. तोच माल दुकानातून १,२०,००० ला विकला की तुमच्यावर १०,८०० सीजीएसटी आणि १०,८०० एसजीएसटी देणे बसते, एकूण २१,६००. दोन्ही वेळी १८,००० वजा होतात आणि खिशातून ३,६०० भरावे लागतात. एका पैशाचा फरक नाही. आयजीएसटीचे क्रेडिट आधी आयजीएसटीच्या देण्याला लागते. ते देणे नसेल किंवा फिटले असेल तर उरलेले सीजीएसटी आणि एसजीएसटीला हव्या त्या प्रमाणात वापरता येते. "एसजीएसटी आपल्याला मिळणार नाही" ही धास्ती बहुधा जुन्या सीएसटीच्या (आंतरराज्य विक्रीवरच्या केंद्रीय विक्रीकराच्या) दिवसांतली आहे. तेव्हा सी-फॉर्म (सवलतीच्या दरासाठी खरेदीदाराने द्यायचा दाखला) दिला तरी २ टक्के सीएसटी लागायचा आणि त्याचे क्रेडिट नसायचे, म्हणजे लाखाला २,००० सरळ खर्चात. सी-फॉर्म अडकला तर त्या राज्याचा पूर्ण दर अंगावर. १ जुलै २०१७ पासून हा प्रकार नळ-फिटिंग्जपुरता संपला. (पेट्रोल, डिझेल आणि दारू जीएसटीबाहेरच आहेत, तिथे जुना संसार अजून चालू आहे.)

"हव्या त्या प्रमाणात" या शब्दांत मात्र पैसे दडलेले असतात. समजा महिन्याचे देणे १०,८०० आणि १०,८००. क्रेडिट खात्यात आयजीएसटी १०,०००, सीजीएसटी ८,००० आणि एसजीएसटी ३,००० आहे. कोणी घाईत आयजीएसटीचे सगळे १०,००० सीजीएसटीला लावले, तर सीजीएसटीच्या स्वतःच्या ८,००० पैकी फक्त ८०० वापरले जातात. ७,२०० तसेच पडून राहतात, कारण सीजीएसटीचे क्रेडिट एसजीएसटीला चालत नाही. एसजीएसटीत ३,००० वजा जाऊन ७,८०० रोख भरावे लागतात. आता वाटणी बदला: आयजीएसटीचे २,८०० सीजीएसटीला, ७,२०० एसजीएसटीला. सीजीएसटी पूर्ण फिटतो, एसजीएसटीत रोख भरायचे फक्त ६००. थ्री-बी (कर भरण्याचे रिटर्न) भरताना जीएसटी पोर्टल स्वतः एक वाटणी सुचवते, पण ते आकडे बदलता येतात. आयजीएसटी शून्यावर आणल्याखेरीज बाकीच्या दोन क्रेडिटना हात लावता येत नाही, एवढेच बंधन. बाहेरच्या राज्यातून खरेदी करणाऱ्याने हे कोष्टक दर महिन्याला स्वतः बघावे, अकाउंटंटवर सोडू नये.

आता ते काउंटरचे बिल. आयजीएसटी कायद्याच्या कलम १० प्रमाणे मालाची हालचाल जिथे संपते ते पुरवठ्याचे ठिकाण, मग माल विकणाऱ्याने पोचवला असो की घेणाऱ्याने स्वतः नेला असो. माल सांगलीला गेला, खरेदीदाराचा नंबर २७ ने सुरू होणारा, तर ठिकाण महाराष्ट्र आणि कर आयजीएसटी. जामनगरच्या दुकानदाराचे म्हणणे असे असणार की माल माझ्या काउंटरवर ताब्यात दिला, तिथेच व्यवहार संपला. हे मत बाळगणारे दुकानदार बरेच आहेत आणि काउंटर विक्रीवर वाद होतातही. तुमच्यासारख्या नोंदणीकृत खरेदीदाराच्या बाबतीत मी आयजीएसटीच्याच बाजूने आहे, कारण कायद्यात खरेदीदाराने केलेली वाहतूक स्पष्ट शब्दांत धरली आहे. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचे वेगळे: १ ऑक्टोबर २०२३ पासून त्याचा बिलावरचा पत्ता ज्या राज्याचा ते ठिकाण, आणि पत्ताच लिहिला नसेल तर विकणाऱ्याचे राज्य.

आधी पोर्टलवर जाऊन एक गोष्ट बघा, पुढचा इलाज त्यावर ठरतो. त्या महिन्याच्या टू-बी (विक्रेत्यांच्या रिटर्नवरून पोर्टल बनवते ती तुमच्या क्रेडिटची यादी) मध्ये हे बिल अजिबात नाही, की "क्रेडिट उपलब्ध नाही" या भागात आहे? अजिबात नसेल तर एक शक्यता अशी की बिलावर तुमचा जीएसटी नंबर टाकलेलाच नाही, आणि त्याने ती विक्री किरकोळ गिऱ्हाइकांच्या बेरजेत दाखवली. दुसरी शक्यता, त्याने रिटर्नच भरलेले नाही. बिल "उपलब्ध नाही" भागात असेल तर शेजारी कारण दिलेले असते: पुरवठ्याचे ठिकाण आणि विक्रेत्याचे राज्य एकच, पण घेणाऱ्याचे राज्य वेगळे. म्हणजे ६० हजारांवरचे १०,८०० रुपये गुजरातमध्ये भरले गेले आणि तुम्हाला दिसतात पण घेता येत नाहीत. या रकमेची जागा थ्री-बी मध्ये ४(डी)(२) या रकान्यात आहे, ती फक्त माहितीसाठी. ४(ए) मध्ये टाकून क्रेडिट घेतले तर टू-बी शी जुळणार नाही आणि नोटीस येईल.

इथे हमखास विचारले जाते की सीजीएसटी तर केंद्राचा, गुजरातला भरला काय नि महाराष्ट्रात भरला काय, निदान ते ५,४०० तरी मिळावेत. युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण टू-बी दोन्ही रकमा एकत्रच अडवते, आणि ५,४०० साठी अपिलात जाण्यापेक्षा बिल दुरुस्त करून पूर्ण १०,८०० मिळवणे सोपे.

दुरुस्ती अशी: विक्रेत्याने जुन्या बिलाविरुद्ध क्रेडिट नोट (त्या बिलाची रक्कम आणि कर उलटवणारा कागद) काढायची आणि तुमचा जीएसटी नंबर, सांगलीचा पत्ता, पुरवठ्याचे ठिकाण "महाराष्ट्र (२७)" आणि आयजीएसटी १०,८०० असे नवे बिल द्यायचे. क्रेडिट नोटने त्याचे सीजीएसटी-एसजीएसटीचे देणे ५,४०० आणि ५,४०० ने कमी होते, नव्या बिलाने आयजीएसटी १०,८०० वाढतो. त्याच्या खिशातून काही जात नाही. तो व्याजाला घाबरत असेल तर त्याच्या करसल्लागाराला आयजीएसटी कायद्याचे कलम १९ बघायला सांगा: राज्यांतर्गत समजून कर भरला आणि नंतर तो व्यवहार आंतरराज्य ठरला, तर आयजीएसटीवर व्याज लागत नाही. जुना भरलेला कर परत मागण्याची वेगळी वाटही आहे, सीजीएसटी कायद्याचे कलम ७७, आणि २५ सप्टेंबर २०२१ च्या परिपत्रकाप्रमाणे योग्य कर भरल्यापासून दोन वर्षांत अर्ज करता येतो. पण लहान रकमेला विक्रेता रिफंडच्या भानगडीत पडत नाही, त्याला क्रेडिट नोटच सोयीची. मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरची. फोनवर बोलून थांबू नका, जुन्या बिलाचा नंबर, तारीख आणि रक्कम लिहून व्हॉट्सॲपवर पाठवा. नाहीतर क्रेडिट नोट भलत्याच बिलावर पडते आणि गुंता वाढतो.

पुढच्या वेळी जामनगरला गेलात तर बिल बनण्याआधी नोंदणी दाखल्याची प्रत काउंटरवर ठेवा आणि माल ट्रान्सपोर्टला टाकून बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) सांगलीची करा. बिल्टी हातात असली की "माल इथेच दिला" हे म्हणणेच उरत नाही. स्वतःच्या गाडीत आणणार असाल तर ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद) हाच पुरावा. ६०,००० अधिक कर १०,८०० मिळून ७०,८०० होतात. आंतरराज्य मालाला ५०,००० च्या वर ई-वे बिल लागते आणि ही किंमत करासह धरतात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख आहे, त्या सवयीने बाहेरून येताना फसायला होते. ई-वे बिलाच्या भाग बी मध्ये स्वतःच्या गाडीचा नंबर टाकला की झाले. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, उरलेल्या तुकड्यालाही एक दिवस. अंतर ११०० किलोमीटर भरले तर सहा दिवस. गाडी बिघडली तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत वाढवून घेता येते. ती वेळ टळली आणि तपासणीत गाडी सापडली, तर मालक पुढे आला तरी दंड कराच्या दुप्पट, म्हणजे या मालावर २१,६००. गाडी नंबरातला एखादा अंक किंवा नावाचे स्पेलिंग चुकले असेल तर मात्र घाबरू नका. २०१८ च्या परिपत्रकाने अशा किरकोळ चुकांना आंतरराज्य मालावर १,००० रुपयांचा दंड ठरवला आहे. तपासनीस जास्त मागत असेल तर परिपत्रकाचा नंबर सांगा: ६४/३८/२०१८.

बिल बरोबर असले तरी क्रेडिट कधी हातात पडेल हे विक्रेत्यावर अवलंबून असते, आणि माझ्या मते दुसऱ्या राज्यातली पार्टी निवडताना दराइतकेच महत्त्व याला द्यावे. मासिक रिटर्न भरणारा ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-वन (विक्रीच्या बिलांचे रिटर्न) भरतो, १४ ला तुमच्या टू-बी मध्ये बिल येते, २० च्या थ्री-बी मध्ये तुम्ही क्रेडिट घेता. तिमाही भरणारा असेल आणि त्याने मधल्या महिन्यात १३ तारखेपर्यंत बिले टाकण्याची सोय वापरली नाही, तर जुलैचे बिल तुम्हाला १४ ऑक्टोबरला दिसते. तोपर्यंत १८,००० तुमचे अडकून. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकून शोधले की नोंदणी चालू आहे का आणि मागची रिटर्ने कोणत्या तारखांना भरली हे कोणालाही दिसते. नव्या पार्टीला आगाऊ रक्कम पाठवण्याआधी ही दोन मिनिटे द्या. नंबरचे पहिले दोन अंकही बघा. २४ म्हणजे गुजरात. पण जामनगरच्या मोठ्या उत्पादकाचे गोदाम भिवंडीत असेल आणि माल तिथून निघत असेल तर बिल २७ च्या नंबरचे येईल आणि त्यावर सीजीएसटी-एसजीएसटीच बरोबर. पार्टी कुठली यापेक्षा माल कोणत्या नोंदणीतून सुटला ते बघायचे. उलाढाल पाच कोटींच्या वर असलेल्या विक्रेत्याचे बिल ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) असले पाहिजे, त्यावर क्यूआर कोड नसेल तर माल उतरवून घेण्याआधी विचारा. आणि बाहेरच्या राज्यातला माणूस "माझी उलाढाल कमी आहे, जीएसटी नंबर नाही, तरी नळ पाठवतो" म्हणाला तर थांबा. राज्याबाहेर करपात्र माल विकायला पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते; ४० लाखांची सूट राज्यातल्या राज्यात.

भाड्याचेही हिशेबात धरा. विक्रेत्याने भाडे बिलातच लावले, समजा ४,०००, तर त्यावर नळांचाच १८ टक्के दर लागून ७२० कर येतो आणि क्रेडिट मिळते. बिल्टी "टू पे" (भाडे माल घेणाऱ्याने द्यायचे) असेल आणि ट्रान्सपोर्टवाला स्वतः कर लावत नसेल, तर ४,००० वर ५ टक्के म्हणजे २०० रुपये रिव्हर्स चार्जमध्ये (सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा कर) तुम्हाला भरायचे आहेत. ट्रान्सपोर्ट कंपनी गुजरातमधली तर तोही आयजीएसटी. हे २०० रोखच भरावे लागतात, क्रेडिटमधून वळते करता येत नाहीत. भरल्यावर मात्र त्यांचे क्रेडिट मिळते. रक्कम किरकोळ म्हणून लोक सोडून देतात आणि तीन वर्षांनी वाहतूक खर्चाची खतावणी काढून अधिकारी व्याजासह मागतो.

बेळगावच्या ठेकेदाराचे प्रकरण दिसते तेवढे अवघड नाही. इथे विक्री दोन आहेत, प्रवास एक. पहिले बिल जामनगरचे तुमच्या नावाने: बिल टू सांगली, शिप टू बेळगाव. कायदा असे मानतो की तुमच्या सांगण्यावरून माल गेला म्हणजे तो तुम्हालाच मिळाला, म्हणून पुरवठ्याचे ठिकाण महाराष्ट्र, कर आयजीएसटी, क्रेडिट तुम्हाला. माल सांगलीला आलाच नाही म्हणून क्रेडिट अडत नाही. दुसरे बिल तुमचे ठेकेदाराला: महाराष्ट्रातून कर्नाटक, तोही आयजीएसटी. पहिल्या बिलाचा आयजीएसटी दुसऱ्याला थेट लागतो.

चूक होते ती विक्रेत्याच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये. काही सॉफ्टवेअर शिप टू चा पत्ता बघून ठिकाण ठरवतात. बेळगावच्या बाबतीत आयजीएसटीच लागतो, फक्त राज्य चुकीचे पडते. पण उद्या हाच ठेकेदार म्हणाला की माल सुरतच्या साइटवर टाका, तर जामनगर-सुरत एकाच राज्यात आहेत असे समजून सॉफ्टवेअर सीजीएसटी-एसजीएसटी लावून मोकळे होते आणि तुमचे क्रेडिट पुन्हा गुजरातेत अडकते. म्हणून ऑर्डरच्या मेसेजमध्येच लिहा: "ठिकाण महाराष्ट्र, कर आयजीएसटी".

ई-वे बिल या प्रवासाला एकच लागते, जामनगरवाल्याने काढा किंवा तुम्ही. तुम्हीच काढावे असे मी सुचवीन. व्यवहाराचा प्रकार "बिल फ्रॉम - डिस्पॅच फ्रॉम" निवडा, बिल सांगलीचे, माल सुटण्याची जागा जामनगर, कागद तुमच्या दुसऱ्या बिलाचा. त्याने काढले तर ड्रायव्हरच्या हातात त्याचे बिल जाते आणि ठेकेदाराला तुमचा खरेदी दर कळतो. पुढची ऑर्डर मग तुमच्याकडे येत नाही.

हे सगळे तुम्ही कंपोझिशनमध्ये नाही हे धरून. ज्यांनी कंपोझिशन घेतले आहे त्यांना बाहेरून खरेदी करता येते, पण १८,००० सरळ मालाच्या किमतीत मिसळतात, स्थानिक खरेदीतले ९ अधिक ९ ही तसेच. त्यांनी करासकट शेवटचा आकडा आणि भाडे एवढेच ताडून बघावे. बेळगावची विक्री त्यांना करताच येत नाही, राज्याबाहेर माल विकला की योजनेतून बाहेर.

जामनगरच्या त्या फेरीतली आणखी बिले असतीलच. हॉटेलची खोली आणि जेवण यांचे ठिकाण कायद्याने गुजरातच, तिथे सीजीएसटी-एसजीएसटी बरोबरच लागला आहे. बिलावर तुमचा जीएसटी नंबर असला तरी ते क्रेडिट सांगलीत येणार नाही आणि हॉटेलवाल्याला आयजीएसटीचे बिल मागून मिळणारही नाही. ती रक्कम करासकट प्रवासखर्चात टाका आणि आज फोन करायचा तो फक्त नळवाल्याला.